फाटक जाणार, पूल येणार – मग पायी जाणाऱ्यानं जायचं कुठून?

सुमेधा_के

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मध्य रेल्वेवर ठाण्याच्या पुढे आमचं स्टेशन आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. स्टेशनाला चिकटूनच फाटक. पूर्वेला आमचं घर. पश्चिमेला भाजीबाजार, डॉक्टर, बँक, मुलाचा क्लास. फाटक पडलं की दोन्हीकडे रिक्षा आणि टेम्पोची रांग, बाईकवाले दांड्याखालून मान घालून थेट रुळात. उघडलं की दोन्ही बाजूंचे एकदम घुसतात आणि बरोबर मधोमध, रुळावर, एकमेकांना तोंड देऊन उभे राहतात. गेटमन शिट्ट्या फुंकून लाल झालेला आणि लांब उभी असलेली लोकल भोंगा देतेय. हे रोजचं.

आता हे फाटक कायमचं बंद होऊन उड्डाणपूल होणार आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फक्त पेढे वाटायचे बाकी आहेत. आनंद मलाही आहेच. पण माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे गेलेले. सकाळी साडेनऊला गर्दी ओसरली की काठी टेकत फाटकातून पलीकडे जातात. दहा रुपयांची कोथिंबीर, चार बायकांशी गप्पा, आणि परत. परवा मला म्हणाल्या, "अगं, त्या पुलावरून मी कशी जाऊ?" मला उत्तर देता आलं नाही.

तर ज्यांच्याकडे फाटक जाऊन पूल किंवा भुयारी मार्ग झालाय त्यांनी सांगा, नेमकं काय बदललं? गाड्यांचं नको, चालणाऱ्यांचं सांगा.

टिटवाळा_स्लो

ठाण्याच्या पुढे, स्टेशनाला चिकटून फाटक, रुळात बाईक... ताई, नाव नाही लिहिलंत तरी दिवा लागला :)

सुमेधा_के

@टिटवाळा_स्लो, बास हं.

नाना_कोथरूड

पुण्यात घोरपडीच्या फाटकावर आम्ही आयुष्याची किती वर्षं काढली याचा हिशेब वर गेल्यावरच मिळेल. तिथे एक पाटी लावायची माझी फार इच्छा होती. "फाटक बंद आहे. हॉर्न वाजवल्याने गाडी लवकर येत नाही. आपण लवकर निघायला हवे होते."

एक_चाकरमानी

बदलापूर ते सीएसएमटी, २२ वर्षं. माझं मत रोखठोक आहे. सबर्बन मार्गावर एकही फाटक नको. आजच बंद करा.

मध्य रेल्वेवर दिवसाला १८०० च्या वर लोकल फेऱ्या आहेत. गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी गाडी. तुमचं फाटक ठरल्यापेक्षा चार मिनिटं जास्त उघडं राहिलं की मागे एक नाही, तीन गाड्या उभ्या राहतात. आणि त्या नुसत्या उभ्या नसतात, दारात लटकलेली माणसं असतात त्यांना. मग पुढची गाडी चुकते, लेटमार्क लागतो, संध्याकाळी पोराचं गॅदरिंग हुकतं.

सासूबाईंबद्दल आदर आहे. पण एका पारड्यात कोथिंबीर आणि दुसऱ्यात लाखभर माणसांचं मस्टर. कुठलं जड, तुम्हीच सांगा.

सुमेधा_के

कोथिंबिरीवर जाऊ नका हो. मीही ठाण्याला नोकरीला जाते, मलाही लेटमार्क लागतो. फाटक ठेवा असं मी एका शब्दानं म्हटलेलं नाही. पलीकडे जायचं कसं, एवढंच विचारतेय.

मोरपंखी

चाकरमानी, पारड्यात कोथिंबीर नाही, माणूस आहे. बाकी +१.

गेटमनचा_मुलगा

हा धागा वाचून राहवलं नाही. माझे वडील २९ वर्षं गेटमन होते. लोकांना वाटतं गेटमन मुद्दाम ताटकळत ठेवतो. म्हणून आतली गोष्ट सांगतो.

वडिलांच्या गुमटीत एक फोन होता, त्याला आकडे नव्हते, नुसतं हँडल. तो वाजला की पलीकडे स्टेशनमास्तर. गाडी येतेय, गेट पाडा. वडील बाहेर येऊन चाक फिरवायचे, दांडे खाली यायचे, कुलूप बसायचं. मग आत जाऊन मास्तरांना एक आकडा सांगायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. तो आकडा दोघांनी आपापल्या वहीत, वेळेसकट लिहायचा. उद्या काही झालं तर त्या दोन वह्या समोरासमोर ठेवतात. आणि कुलूप बसल्याशिवाय सिग्नल पडतच नाही. फाटक उघडं आणि सिग्नल हिरवा, असं ते यंत्र होऊच देत नाही.

म्हणजे काय, एखादा रिक्षावाला दांड्याखाली चाक घालून उभा राहिला तर त्या एका चाकापायी हजार-दीड हजार माणसांची गाडी लाल सिग्नलला उभी. आणि शिव्या कोणाला? वडिलांना. दोन्ही बाजूंनी. रस्त्यावरचे म्हणणार उघड, गाडीतले म्हणणार पाड.

एकदा रात्री साडेदहाला वाळूच्या टेम्पोचा एक्सल बरोबर रुळावर मोडला. मी दहा-अकरा वर्षांचा, डबा घेऊन गेलो होतो. वडिलांनी मास्तरांना फोन केला, लाल बत्ती माझ्या हातात दिली, म्हणाले, "इथे उभा राहून हलवत राहा, थांबायचं नाही." आणि स्वतः पत्र्याच्या डब्यातले फटाके घेऊन रुळातून पळत सुटले. फटाके म्हणजे दिवाळीचे नाहीत, रुळाला बांधायचे चपटे डिटोनेटर. ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन बांधायचा नियम असतो. चाकाखाली फुटले की ड्रायव्हरनं थांबायचं. मला लांबून फक्त त्यांची बत्ती दिसत होती, लहान लहान होत जाणारी. मेल थांबली. वडील परत आले तेव्हा पायात एकच चप्पल होती.

आमच्या गेटवर आता भुयारी मार्ग झालाय. वडील तिथून जाताना अजूनही क्षणभर थांबून दोन्हीकडे बघतात. खाली बोगद्यात.

अवंती_जे

_/\_ काकांना.

टिटवाळा_स्लो

दंडवत. यावर वेगळा लेख लिहा. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

नाना_कोथरूड

या धाग्यावर पुलेशु म्हणजे 'पुलाला लेट, शुभेच्छा' असं वाचलं मी.

पत्रीपुलाचा_साक्षीदार

कल्याणकर हजर. आमचा फाटकाचा अनुभव नाही, पुलाचा आहे, आणि तो ऐकून तुमच्या व्हॉट्सॲपवरचे पेढे थोडे आवरा म्हणून सांगतो.

१९१४ सालचा पत्रीपूल धोकादायक ठरला, १८ नोव्हेंबर २०१८ ला पाडला. नवीन पुलाचा गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी लोखंडी तुळई, ७६ मीटरच्या वर लांबीचा, तो रुळांवर सरकवला नोव्हेंबर २०२० मध्ये. पूल सुरू झाला २५ जानेवारी २०२१ ला. मधली सव्वादोन वर्षं कल्याण-शीळ रस्त्यावर काय झालं ते विचारू नका. माझ्या पुतण्यानं त्या जॅममध्ये अख्खी बारावीची उजळणी केली. गर्डर सरकताना मात्र सगळं गाव गच्चीवर होतं, एखादी लेक सासरी निघाल्यासारखं.

तेव्हा पूल 'होणार' आणि पूल 'झाला' यात किती पावसाळे जातात ते बघा. फाटक कधी बंद करणार, पूल सुरू झाल्यावर की आधीच? ही चौकशी पहिली करा.

विक्रोळी_पूर्व

अगदी हेच लिहायला आले होते. विक्रोळीचं फाटक बंद होऊन कित्येक वर्षं झाली. पूल सुरू झाला १४ जून २०२५ ला. मधल्या काळात गाड्यांनी घाटकोपर किंवा कांजूरमार्गकडून वळसा घातला, आणि माणसांनी काय केलं असेल? रूळ ओलांडले. फाटक होतं तेव्हा निदान एक माणूस शिट्टी मारून थांबवायला होता. ते गेलं तेव्हा तोही गेला.

पूल गाड्यांना मस्त झालाय, पाच मिनिटांत पलीकडे. चालायचं असेल तर तो सहाशे मीटरच्या वर आहे. भर उन्हात एकदा चालून बघा.

एक_चाकरमानी

रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा, कलम १४७. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. सगळं सरकारनं करायचं आणि आपण शिस्तही पाळायची नाही?

विक्रोळी_पूर्व

कलम पाठ आहे हो. रेल्वे सुरक्षेवरच्या अनिल काकोडकरांच्या समितीनं २०१२ च्या अहवालात लिहिलंय की देशभरात दरवर्षी सुमारे १५ हजार माणसं रूळ ओलांडताना मरतात, त्यातली ६ हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. त्यांनी याला कत्तल म्हटलं होतं. याच समितीनं सगळी फाटकं पाच वर्षांत काढा असंही सुचवलं होतं, म्हणजे ते तुमच्याच बाजूचे. पण एवढी माणसं बेशिस्त म्हणून मरतात, असं मला नाही वाटत. वाट नसते म्हणून मरतात.

एक_चाकरमानी

वाट असतानाही मरतात. मी डोळ्यांनी पाहिलंय. पादचारी पूल वीस पावलांवर, आणि कॉलेजची पोरं हेडफोन लावून खालून.

मोरपंखी

दोन्ही खरं आहे की. भांडू नका.

अंधेरीचा_अण्णा

पूल विषय निघाला आणि आम्ही गप्प बसायचं? आमचा अंधेरीचा, रुळांवरचा गोखले पूल. ३ जुलै २०१८ ला सकाळी कोसळला तो भाग कुठला होता, आठवा. पादचाऱ्यांचा! गाड्यांचा भाग जागेवर, चालणाऱ्यांचा रुळावर.

पुढे सगळा पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, नवा बांधला, एक बाजू फेब्रुवारी २०२४ ला उघडली. बघतो तर काय, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली आणि गोखले वर. दोघांमध्ये पुरुषभर उंचीचं अंतर. एक पूल दुसऱ्या पुलाकडे बघतोय, मधून जायला शिडी हवी. जगात दोन बाजूंनी खणलेले बोगदे मधोमध भेटतात, आमचे दोन पूल दिवसाढवळ्या चुकले.

स्थापत्य_बाबा

अण्णा, विनोद झाला, पण कारण सांगतो. पुलाखाली रेल्वेला लागणारी मोकळी उंची पूर्वीपेक्षा वाढलीय. जुन्या मापानं पूल बांधला असता तर रेल्वेनं परवानगीच दिली नसती. पुढे व्हीजेटीआय या इंजिनीअरिंग कॉलेजच्या सल्ल्यानं बर्फीवाला पुलाचा तुकडा जॅक लावून उचलला आणि जुलै २०२४ मध्ये जोडला. उचलण्याचं काम खरं तर नाजूक आणि बघण्यासारखं झालं. जोडण्याचा विचार आधी का नाही झाला, हे मात्र मलाही पटवून देता येणार नाही.

आता सुमेधाताईंचा मूळ प्रश्न. मी सरकारी नोकरीत पुलांवरच केस पांढरे केले, म्हणून थोडं आकड्यांत बोलतो.

लोकलच्या वरची तार २५ हजार व्होल्टची. तिच्यामुळे रुळापासून पुलाच्या पोटापर्यंत साडेसहा मीटरच्या आसपास जागा सोडावी लागते. त्यावर गर्डरची जाडी. म्हणजे रस्ता जमिनीपासून आठ मीटर उंच. गाड्यांना चढ सोसवावा म्हणून तीस मीटरला एक मीटर असा उतार धरला तर एका बाजूला अडीचशे मीटर जागा हवी. दोन्ही बाजूंना तेवढी. आता तुमच्या स्टेशनाबाहेर अडीचशे मीटर सरळ मोकळा रस्ता आहे का? तिथे दुकानं आहेत, इमारती आहेत, देऊळ आहे, एखाद्या नेत्याचं ऑफिस आहे. म्हणून रुळांवरचा तुकडा आधी होतो आणि दोन्ही पोहोचरस्ते जमिनीच्या भांडणात अडकतात. रुळांवरचा तुकडा रेल्वेचा, पोहोचरस्ते स्थानिक यंत्रणेचे, खर्च निम्मा निम्मा. निम्मा निम्मा म्हटलं की दोघंही दुसऱ्याच्या निम्म्याकडे बोट दाखवतात.

आणि पुलाला मंजुरी कशावर मिळते माहीत आहे? फाटकातून दिवसाला किती गाड्या जातात गुणिले रस्त्यावरून किती वाहनं जातात. याला टीव्हीयू म्हणतात, ट्रेन व्हेइकल युनिट. तो आकडा लाखाच्या वर गेला की निम्म्या खर्चाचा पूल मंजूर व्हायला पात्र. या गुणाकारात ट्रक आहे, रिक्षा आहे. काठी टेकत जाणारी तुमची सासू त्यात कुठेही नाही. मी तीस वर्षं हे तक्ते भरले. वाहनं मोजायला पोरं बसवायचो, ती चालणाऱ्यांकडे बघायचीही नाहीत, कारण तक्त्यात तो रकानाच माझ्या डोळ्यांपुढे कधी ठळक नव्हता. आज हे लिहिताना पहिल्यांदा लाज वाटली.

अवंती_जे

बाबा, याला म्हणतात प्रतिसाद.

अंधेरीचा_अण्णा

बाबांना माफी. बर्फीवाल्याला नाही.

यारा_काठची

मेलबर्नहून. इथे २०१५ पासून सरकारनं फाटकं काढायचा सपाटाच लावलाय. सुरुवातीला ५० काढणार म्हणाले होते, मग आकडा वाढत गेला, आता २०३० पर्यंत ११०. निवडणुका यावर जिंकल्या गेल्या आहेत, खोटं नाही.

मी क्लेटनला राहते. आपली मंडळी या लाईनवर भरपूर. आमचं फाटक इतकं कुप्रसिद्ध होतं की शेजारीच मोठं हॉस्पिटल आणि ॲम्ब्युलन्स फाटकाला उभी. माझ्या धाकटीच्या वेळी आम्हीच त्या फाटकाला थांबलो होतो. नवरा स्टिअरिंगवर बोटं वाजवतोय आणि मी त्याला सांगतेय, तू शांत राहा.

इथे त्यांनी रस्ता नाही उचलला. गाडी उचलली! कॉलफील्ड ते डँडेनाँग ९ फाटकं एकदम गेली, २०१८ मध्ये. रूळ खांबांवर गेले, स्टेशनं वर गेली, रस्ता आहे तिथेच राहिला. रुळाखाली आता चालायची आणि सायकलची वाट आहे, बाकं आहेत, पोरांचे झोके आहेत. माझी आई तीन महिने आली होती, ती रोज संध्याकाळी त्या गाडीखालच्या सपाट वाटेवरून फेरी मारायची. एक पायरी चढावी लागली नाही तिला.

सुरुवातीला विरोध खूप झाला हं. गाडीतले लोक आमच्या परसात डोकावणार, सावली पडणार, घरांच्या किमती पडणार. आता तेच लोक खाली कुत्रे फिरवतात.

सुमेधा, तुझ्या सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तरी हेच वाटतं. माणसाला उचलू नका, गाडीला उचला.

एक_चाकरमानी

वहिनी, छान आहे. आता सांगा, गाडी उचलायला लाईन किती दिवस बंद होती?

यारा_काठची

सलग नाही, पण वेळोवेळी बंद असायची. दुसऱ्या एका लाईनवर २०१६ मध्ये महिनाभराहून जास्त गाड्याच नव्हत्या, बदली बसेस होत्या. वैताग होता.

एक_चाकरमानी

महिनाभर! आमच्याकडे रविवारी पाच तासांचा मेगाब्लॉक असला तर ठाण्याच्या फलाटावर उभं राहायला जागा नसते. महिनाभर कल्याण-ठाणे बंद ठेवून बसेस लावायच्या म्हटलं तर आशिया खंडातल्या सगळ्या बसेस आणाव्या लागतील.

स्थापत्य_बाबा

हे मात्र चाकरमानींचं बरोबर. चार-सहा रूळ चालू ठेवून ते उचलायला शेजारी तेवढीच जागा लागते, ती नाही. नवीन लाईन टाकताना हा विचार करता येतो. सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी वरूनच जाते ना, शंभर वर्षांपासून. नवी मुंबईत स्टेशनं बांधतानाच खालून रस्ते काढले, म्हणून तिथल्या पोरांना फाटक म्हणजे काय ते चित्रात दाखवावं लागतं. आपल्याकडे आधी वस्ती, मग रूळ वाढले, मग फाटक, मग रडारड.

पण एक तिसरी वाट आहे. पादचारी पुलाला तारेच्या वरून जायचं म्हणजे साडेसात मीटर चढ. साधारण ५० पायऱ्या. माणसांपुरत्या भुयारी मार्गाला डोक्यावर अडीच मीटर पुरतात, वर छताची जाडी धरून पावणेचार मीटर खाली. २५ पायऱ्या. बरोबर निम्म्या. शिवाय उतार काढला तर तो पुलाच्या निम्म्या लांबीत बसतो. काँक्रीटची पेटी बाहेर ओतून जॅकनं रुळाखाली ढकलतात, गाड्या सावकाश का होईना, चालू राहतात.

मिलन_सबवेचा_मासा

भुयारी मार्ग म्हणालात? नमस्कार, मी मिलन सबवेमध्ये राहतो. पहिल्या पावसापासून गणपतीपर्यंत माझंच राज्य.

अंधेरीचा_अण्णा

अंधेरी सबवेच्या माशांकडून शेजारधर्म म्हणून +१.

विक्रोळी_पूर्व

हसू आलं, पण खरंच आहे. मिलन सबवेवर वरून पूल बांधून झाला, जवळ जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी बांधली, तेव्हा कुठे हायसं वाटलं. पंप बिघडला की संपलं.

मोरपंखी

पाण्याचं चार महिने. माझा आक्षेप बारा महिन्यांचा आहे. रात्री साडेदहाच्या गाडीनं येऊन मी त्या बोगद्यातून एकटी जाणार नाही. आमच्याकडच्या भुयारात तीन दिव्यांपैकी एक चालू, तो पण चुरचुरतो. वास इतका की नाकाला ओढणी लावून पळायचं. कोपरा वळल्यावर पलीकडे कोण उभंय ते दिसत नाही. २५ पायऱ्या वाचल्या म्हणून बायकांनी आनंद मानायचा का? मी ५० चढेन, उजेडात.

सुमेधा_के

मोरपंखी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाई सकाळी साडेनऊच्या, मी रात्री नऊच्या. आम्हा दोघींना एकच वाट कशी पुरणार?

स्थापत्य_बाबा

मोरपंखी, मान्य. सरळ रेषेत, रुंद, या टोकावरून ते टोक दिसेल असा, आणि आत दोन-चार गाळे चालू ठेवले तर लोक वापरतात. कोपऱ्यातला ठेवला तर तुम्ही म्हणता तेच होतं. कागदावर दोन्ही 'सबवे'च.

आंबिवली_९_०२

पादचारी पूल हवा असेल तर सैन्य बोलवा :) आमच्याकडे लष्करानं बांधून दिलाय. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्यानंतर एल्फिन्स्टन, करी रोड आणि आंबिवली असे तीन पूल लष्करानं काही महिन्यांत उभे केले, फेब्रुवारी २०१८ मध्ये चालू.

नाना_कोथरूड

सीमेवर शांतता असेल तर घोरपडीलाही पाठवा.

शाळामास्तर

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट कोणी बोललं नाही. स्टेशनातला पूल आणि गावाचा पूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे फाटक बंद केलं तेव्हा सांगितलं, पादचारी पूल आहे ना. आहे, पण तो फलाटावर उतरतो. नुसतं पूर्वेकडून पश्चिमेला जायचं तरी टीसी हटकतो, तिकीट दाखवा. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्या भीतीनं पुन्हा रुळातून यायला लागल्या. मी त्यांना महिन्याचा पास काढून दिला. शाळेत पायी जायला रेल्वेचा पास!

तेव्हा ताई, पूल रेल्वेच्या कुंपणाच्या बाहेर उतरतो का, हे विचारा.

टिटवाळा_स्लो

अवांतर, फाटकावर जे शेंगदाणे, उसाचा रस, भजी मिळतात त्यांचं काय होणार? फाटक पडलं की धंदा चढतो त्यांचा. आमच्या फाटकाच्या भजीवाल्याला लोकलचं टाइमटेबल स्टेशनमास्तरपेक्षा जास्त पाठ होतं. फास्ट जायच्या आधी घाणा टाकायचा.

पत्रीपुलाचा_साक्षीदार

सुमेधाताईंकडच्या फाटकाचा एक किस्सा ऐकलाय. लग्नाची वरात फाटकात अडकली, वीस मिनिटं. बँडवाल्यांची गाणी संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू. घोडा कंटाळून खाली बसला. खरं का?

सुमेधा_के

घोडा बसला नाही, रिक्षावाल्याच्या सीटवरचा हार खाल्ला त्यानं. बाकी खरं.

संपादक_५

धाग्याला फाटे फुटत आहेत. कृपया विषयावर.

अंधेरीचा_अण्णा

फाटकाच्या धाग्याला फाटे नाही फुटणार तर काय फुटणार?

सुमेधा_के

धागा वर काढतेय, साडेतीन महिन्यांनी. सगळ्यांनी दिलेले प्रश्न मी एका कागदावर उतरवून घेतले होते. फाटक आधी बंद की पूल आधी? पुलाला जिना आहे का, कुठे उतरतो? कुंपणाच्या आत की बाहेर? लिफ्ट? भुयारी मार्ग असेल तर सरळ आहे का, दिवे कोण बघणार?

गेल्या मंगळवारी रजा टाकून सासूबाईंना घेऊनच गेले ऑफिसात. कुठलं ते सोडा. तिथल्या साहेबांनी आधी सांगितलं, "मॅडम, पूल मंजूर आहे, काळजी नको." मी म्हटलं, नकाशा दाखवा. त्यांनी कपाटावरून गुंडाळी काढली, धूळ झटकली, दोन टोकांवर पेपरवेट, तिसऱ्यावर चहाचा कप, चौथं टोक सासूबाईंनी काठीनं दाबून धरलं. निळ्या रेषा, पिवळे खांब, गाड्यांच्या दोन लेन. सगळं मीटर-मिलिमीटरसकट. मी विचारलं, माणसं कुठून जाणार? साहेब बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही कडेची पट्टी आहे ना, दीड मीटरची." पण पट्टीवर चढायचं कुठून? पट्टी पुलाबरोबर सुरू होऊन पुलाबरोबर संपत होती, आमच्या बाजारापासून खूप पुढे. जिना नव्हता.

स्थापत्य_बाबा, तुमचा गुणाकार मी त्यांना सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मग खिशातून पेन्सिल काढून फाटकाच्या जागी दोन्ही बाजूंना दोन चौकोन काढले आणि बाजूला लिहिलं, 'जिना व लिफ्ट, प्रस्तावित'. पेन्सिलीनं. मी फोटो काढून घेतलाय आणि अर्जावर आवक क्रमांक घेतलाय.

एक_चाकरमानी

आवक क्रमांक घेतलात ते उत्तम. दर पंधरा दिवसांनी विचारत राहा. सह्या लागल्या तर सांगा, आमच्या डब्यातल्या दीडशे मिळतील. रोज तुमच्या फाटकाला उभे असतो, वेळ असतोच.

गेटमनचा_मुलगा

पेन्सिलीचं लिहिणं शाईत कधी होतंय ते बघा. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाईला सांग, साहेबाचं नाव आणि वेळ वहीत लिहून ठेव."

मोरपंखी

लिफ्टला काचेचं दार मागा. बंद पेटी नको.

सुमेधा_के

लिहून घेतलं, दोन्ही.

आणि टिटवाळा_स्लो, तुमच्या अवांतराचं उत्तर. परत येताना सासूबाई फाटकाच्या भजीवाल्यापाशी थांबल्या, त्याला फोनमधला फोटो दाखवला. त्यानं पेन्सिलीचा चौकोन मोठा करून पाहिला, मग मान वळवून प्रत्यक्ष जागा पाहिली, आणि मला विचारलं, "ताई, जिन्याच्या खाली किती जागा राहील?"